घटाची माती

रुआबांध्यात, आमच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, मराठी घरं किती, हे जाणून घ्यायला पूर्वी कोणाला विचारत बसावं लागत नसे. घटस्थापनेच्या सकाळी रंभाबाईंच्या क्वार्टरच्या मागच्या फाटकापाशी उभं राहिलं की झालं. सातच्या आत चाळीस-बेचाळीस बायका जमायच्या. कोणाच्या हातात परडी, कोणाच्या टोपली, कोणाच्या स्टीलचा डबा. एकीने तर एकदा कुकरचं भांडं आणलं होतं. प्रत्येकीला दोन ओंजळी माती मिळायची, दोन म्हणजे दोनच, मग ती जनरल मॅनेजरची बायको असो की क्रेन ऑपरेटरची. त्या मातीत पेरलेलं धान्य नवव्या दिवशी वीतभर वाढायचं, हिरवं नाही, पोपटी पिवळं, ताठ. घट असे उगवले की वर्ष चांगलं जातं म्हणतात. वर्षं काही सगळ्यांची चांगली जात नव्हती, पण घट मात्र दरवर्षी उगवायचे.

आता तिथे कोणी उभं राहत नाही. त्याला कारण आहे आणि त्या कारणात माझं नाव आहे. म्हणून लिहायला बसले. कोणाला गोड आठवणी वाचायच्या असतील तर त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं.

मी नीरजा. माझं माहेरही दुर्गचं आणि सासरही. पाच पिढ्या इकडे काढल्यामुळे आमची मराठी हिंदीच्या शेजारी राहून राहून तिच्यासारखीच झालेली, तरी घरात आम्ही तिला जपून ठेवलं. शाळेत जीवशास्त्र शिकवते. क्वार्टर माझ्या नोकरीवरचं. नवरा, धनंजय, सोळा वर्षांपूर्वी गेला. रंभाबाईंचं आणि माझं अंगण शेजारी शेजारी, मधे कमरेइतकी भिंत. एवढं माझ्याबद्दल पुरे, बाकीचं पुढे येईलच आणि ते काही भूषणावह नाही.

रंभाबाई गोंदियाकडच्या, आमगावजवळच्या खेड्यातल्या. धानाच्या बांध्यांत वाढलेली बाई. नवरा मारोतराव कोक ओव्हनमध्ये कामाला, मुलगा शुभम तेव्हा मांडीवर. चौतीस वर्षांपूर्वी त्या या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा मागची जागा म्हणजे निव्वळ भराव होता: मुरूम, विटांचे तुकडे, कसले तरी काळे खडे. मारोतरावांनी गैंती, म्हणजे कुदळ, मारली तर ती उडून त्यांच्याच नडगीवर बसली. ते म्हणाले, "हे जागा कपडे वाळू घालाची हाय, शुभमच्या माय. इथं काई होत नाई." रंभाबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्यावरची पानं गोळा करायला सुरुवात केली.

आमची वसाहत झाडांची. करंज, कडुनिंब, गुलमोहर. पानगळीच्या दिवसांत झाडूवाले पानांचे ढीग लावून काडी ओढतात आणि सगळं सेक्टर धुराने खोकत बसतं. रंभाबाई पोतं घेऊन त्या ढिगापाशी उभ्या राहायच्या. "जाळू नको ना बाबू. जेवन हाय ते कोनाचं तरी." झाडूवाला विचारायचा, किसका? त्या जमिनीकडे बोट दाखवायच्या. तो हसायचा, आम्हीही हसायचो. पानं झाली, मग गवळ्याच्या खटालातलं शेण, तांदळाचं धुवण, भाजीची देठं, धानाचा कोंडा. आणि माहेरच्या बांधावरची एक पोतं माती, जी त्यांनी पॅसेंजरमध्ये मांडीशी घेऊन आणली होती. मी एकदा विचारलं, एवढ्या जागेत एका पोत्याने काय होणार? म्हणाल्या, "दह्याले विरजन किती लागते, बाई? चमचाभर. मातीलेही लागते."

मी एमएस्सी झालेली बाई. हे वाक्य मला कुठल्या पुस्तकात कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

त्यांची कामाची पद्धत उलटीच होती. खणायच्या नाहीत. खुरपं फार तर बोटभर आत. मी माझ्या बाजूला माळी लावून फावड्याने माती उलटीपालटी करून घ्यायचे, तर त्या भिंतीवरून बघत राहायच्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "कावून उलथून राहिला तो? खालच्याइचे घरं मोडून राहिला." खालचे म्हणजे गांडुळं, मुंग्या, गोम, वाणी, वाळवी, सगळे. त्यांना त्या कधी किडे म्हणायच्या नाहीत. "खालचे" म्हणायच्या, वरच्या मजल्यावर आपण राहतो असं धरून. मारोतराव चिडवायचे, "या घरात पहिलं ताट खालच्याइचं, दुसरं माह्यं." आणि ते खरंच होतं. त्यांचा डबा भरण्याआधी तांदळाचं धुवण मागे गेलेलं असायचं.

एकदा मी शाळेतला सूक्ष्मदर्शक सुट्टीत घरी आणला. त्यांच्या अंगणातली मूठभर माती नरसाळ्यात जाळीवर ठेवली, वर बल्ब लावला आणि खाली बशीत थोडं स्पिरिट. उजेड आणि उष्णता टाळायला आतले जीव खाली खाली सरकतात आणि बशीत पडतात, मुलांना दाखवायचा साधा प्रयोग आहे. दोन दिवसांनी रंभाबाईंना बोलावलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि भिंगात पाहिलं. शेपटीवर उडणारे इवलेसे पांढरे कीटक, आठ पायांचे लालसर कोळ्याचे भाऊबंद, आणि काचपट्टीवर वेगळ्या ठेवलेल्या मातीच्या कणांत गुंतलेले बुरशीचे धागे, कापसाच्या तंतूंहून बारीक. मी समजावून सांगत होते: हे पानं कुरतडतात, ते त्याहून बारीक करतात, हे धागे मुळांना पाणी आणि खनिजं नेऊन देतात आणि बदल्यात साखर घेतात, यांच्या लाळेने आणि चिकट्याने मातीचा रवा धरतो, म्हणून ती भुसभुशीत राहते आणि पाणी आत मुरतं. त्या बराच वेळ डोळा लावून होत्या. मग म्हणाल्या, "एवढे हायेत? मंग मी एकटी नाई करून राहिली." त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की मारोतरावांसाठी भर दुपारी पुरणपोळ्या केल्या.

धनंजय गेला त्या वर्षीचं नवरात्र. मी घट बसवायचा विचारही केला नव्हता. कोणी बसवू नको म्हणालं नाही, आपल्याकडे तसं तोंडावर कोणी म्हणत नाही, फक्त बोलावणी यायची थांबतात. हळदीकुंकवाला मी गेले तर मागे चहा गाळायला, आणि ते मीच आपण होऊन करते असं सगळ्या मिळून मानायच्या. त्या सकाळी सहालाच भिंतीवर परडी ठेवल्याचा आवाज आला. माती भरलेली, वर ओलं फडकं. बाहेर अजून एकही बाई आली नव्हती. रंभाबाई म्हणाल्या, "पयली तुमची." मी म्हटलं, "रंभाबाई, माझं आता..." त्या म्हणाल्या, "देवी बसवाची तं नवऱ्याले पुसून बसवाची का? घ्या." आणि तेव्हापासून दरवर्षी पहिली परडी माझी होती. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, म्हणजे पुढे मी काय केलं ते नीट मोजता येईल.

त्यांची एकच अट असायची. दसरा झाला की माती परत आणून द्यायची. बायकांना ते खटकायचं. घटाची माती म्हणजे निर्माल्य, ती शिवनाथेत सोडायची. रंभाबाई म्हणायच्या, "नदीले काय मातीची कमी हाय? ज्याइनं उगवलं त्याइच्या घरी आनून सोडा." अर्ध्या जणी आणायच्या, अर्ध्या विसरायच्या. विसरणाऱ्यांनाही पुढच्या वर्षी माती मिळायची, फक्त ओंजळीसोबत दोन शब्द ऐकावे लागायचे.

आता विजयाताई. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. बाई वाईट नाहीत, पण वसाहतीत कोणाला किती चांगलं म्हणायचं ते आपण ठरवतो अशी त्यांची खात्री आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मीनलचं लग्न नागपूरकडे जवळजवळ ठरलं होतं. त्या नवरात्रात, पाचव्या माळेला, त्यांच्या घटातले कोंब एका बाजूला झोपले. सहाव्या दिवशी पिवळे पडले. विजयाताईंनी काडीने माती उकरली तर आत हुमणी निघाली: पांढरी, अंगठ्याएवढी, तपकिरी डोक्याची, मुळं खाऊन टरटरलेली. रंभाबाई माती चाळत नसत, हाताने निवडत. एक सुटली, एवढंच. आश्विनात हुमणी मातीत असतेच, जिथे मुळं आहेत तिथे मुळं खाणारंही कोणी असतं, आणि चाळीस परड्यांत एक निघाली तर ती माती चांगल्या तब्येतीची समजावी. पण अष्टमीला नागपूरहून निरोप आला की मुलाकडच्यांनी दुसरीकडे ठरवलं.

मग काय. दोन आणि दोनचे चार नाही, बावीस झाले. मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्या हुमणीचा फोटो आला, भोवती लाल गोल काढलेला. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. कोणाला मागच्या वर्षी परडीत गांडूळ दिसल्याचं आठवलं, कोणाला सासऱ्यांचं पडणं आठवलं. संध्याकाळपर्यंत रंभाबाईंच्या मातीने अर्ध्या रुआबांध्याचं वाटोळं केलेलं होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी मंडळाची सभा होती, कोजागिरीच्या दुधाचं ठरवायला. मी नेहमीप्रमाणे मागे चहापाशी जात होते तर विजयाताईंनी हाक मारली. "नीरजाताई, तुम्ही तिकडे कुठे? इकडे या, पुढे." पुढच्या रांगेत, त्यांच्या शेजारची खुर्ची. तेरा वर्षांनी. मी बसले. मला काय वाटलं ते खरं सांगते: मला फार बरं वाटलं. कोणीतरी माझ्या हातात पहिला कप आणून दिला आणि माझे डोळे भरून आले. माणूस इतक्या स्वस्तात विकला जातो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

कोजागिरीचं दूध पाच मिनिटांत आटपलं. मग विजयाताईंनी विषय काढला. रंभाबाई शेवटच्या रांगेत दाराशी बसल्या होत्या. विजयाताई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आमाले कोनाले दोष द्याचा नाई. पण नीरजाताई सायन्सच्या आहेत, त्याच सांगतील. ज्या मातीत किडे असते ती देवापुढे ठेवाची का? सायन्स काय म्हणते?"

सायन्स काय म्हणतं ते मी सव्वीस वर्षं नववीच्या मुलांना शिकवत आले होते. उभं राहून एवढंच म्हणायचं होतं की तुमचे घट ज्यांच्यामुळे उगवतात तेच हे किडे. ते काढले तर उरतो तो मुरूम. दोन मिनिटांचं काम होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात तेरा वर्षांत पहिल्यांदा मान होता.

मी म्हटलं, "आरोग्याच्या दृष्टीने माती निर्जंतुक केलेली बरी. दाणेदार औषध मिळतं. थोडं टाकलं की प्रश्न मिटतो."

टाळ्या वाजल्या. विजयाताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. दाराशी रंभाबाई बसून होत्या. दूध किती लिटर ते पुन्हा एकदा ठरलं आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर त्या भिंतीपाशी उभ्या होत्या, माझीच वाट पाहत. "बाई, तुमी सांगतल्यासारखं औषध टाकलं तं बाकीचेही मरतीन ना? ते भिंगातले?"

"मरतील काही," मी म्हटलं.

"मंग?"

"परत येतात."

"किती दिसांत?"

मी म्हटलं, "एक पावसाळा गेला की." हे मी डोळ्याला डोळा न भिडवता म्हटलं, कुलूप काढता काढता. किती वर्षं लागतात ते औषधावर असतं, जमिनीवर असतं, आणि आमची जमीन म्हणजे खाली भराव आणि वर रंभाबाईंनी तीसेक वर्षांत केलेला वीतभर थर. आजूबाजूला सगळी फरशी आणि डांबर. परत येणारे कुठून परत येणार होते? हे सगळं मला माहीत होतं. पण त्यांना जर खरं सांगितलं असतं, तर सभेत खोटं बोलले हेही कबूल करावं लागलं असतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या.

वर्षभर त्यांनी टाळलं. पुढच्या भाद्रपदात ग्रुपवर सूचना आली, यंदा ज्यांना माती हवी त्यांनी औषध टाकल्याची खात्री करून घ्यावी. तेव्हा मारोतराव दुर्गच्या कृषी केंद्रात जाऊन पुडा घेऊन आले. दुकानदाराने एकरी प्रमाण सांगितलं होतं. मारोतरावांनी मागच्या अंगणाएवढ्या जागेसाठी हिशेब केला, मग दोन मुठी वर टाकल्या, मग आणखी दोन. मला म्हणाले, "कारखान्यात कमी पडलं तं चार्जशीट भेटते, बाई. जास्त पडलं तं कोनी विचारत नाई." छत्तीस वर्षं भट्टीपुढे काढलेल्या माणसाचा तो शहाणपणा होता आणि त्यांनी तो मनापासून वापरला. वरून पाणी मारलं.

दुसऱ्या सकाळी गांडुळं वर आली. एक-दोन नाही. सगळी जमीन वळवळत होती, आणि वर आलेली उन्हात आखडून मरत होती. साळुंक्या उतरल्या, कावळे उतरले, बगळे कुठून आले कोण जाणे. रंभाबाई हातात काठी घेऊन अंगणात उभ्या होत्या. हे खाल्लं तर तेही मरतील, म्हणून पाखरं हाकलत होत्या. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत. मधे चहा नाही, पाणी नाही. मग त्यांनी मेलेली गांडुळं घमेल्यात गोळा केली, ते अर्ध्याच्या वर भरलं. ते घमेलं घेऊन त्या भिंतीपाशी आल्या आणि मला विचारलं, "कुठं पुरू, बाई? खाली तं औषध हाय."

मला शाळेत जायला उशीर होतो आहे असं मी म्हटलं. रविवार होता.

त्या वर्षीची माती त्यांनी आणखी शुद्ध केली. कूलरचा जुना पत्रा विटांवर ठेवून खाली जाळ केला आणि माती भाजली, मग पिठाच्या चाळणीने चाळली. मैद्यासारखी झाली. घटस्थापनेच्या सकाळी बायका खूश. "पाहा कशी साफ हाय, हातालेही लागत नाई." विजयाताईंनी स्वतःची परडी तर नेलीच, वर माझं नाव घेऊन दोघींना सांगितलं की हे सगळं नीरजाताईंच्या सल्ल्याने झालं. माझी परडी त्या दिवशीही पहिली होती.

चौथ्या माळेपर्यंत कोणाच्याच घटात कोंब नव्हता. मैद्यावर पाणी घातलं की जे होतं तेच झालं: वर पापडी धरली, घटातून झिरपलेलं पाणी खाली न मुरता वर साचून राहिलं. रवा धरणारं आत कोणी उरलंच नव्हतं. सहाव्या दिवशी धान्य सडलं. ज्याचं उगवलं त्याच्या कोंबांना बुडाशी करपा लागून ते आडवे झाले, कारण मोकळ्या घरात पहिली शिरते ती रोगाची बुरशी, तिला अडवणारे आधीच भाजून काढलेले. अष्टमीला चाळीस देवघरांत कुबट वास सुटला होता. माझ्याही.

आणि बायका काय म्हणाल्या? औषधामुळे झालं असं एकीच्याही मनात आलं नाही, ते तर सायन्सने सांगितलेलं होतं. म्हणाल्या, रंभेने रागाने केलं. माती भाजताना काहीतरी पुटपुटत होती, कोणीतरी पाहिलं म्हणे. मी ग्रुपवर दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसून टाकलं. मीनलचं लग्न त्याच मार्गशीर्षात रायपूरच्या चांगल्या मुलाशी झालं, त्या सडलेल्या घटाचं नाव मात्र कोणी काढलं नाही. पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनी नारळाच्या भुशाच्या विटा ऑनलाईन मागवायला सुरुवात केली. त्यात घट बरे उगवतात. नवव्या दिवसापर्यंत तग धरतात, कोणाला त्याहून जास्त हवंही नसतं.

रंभाबाईंकडे माणसांचं येणंच बंद झालं. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही.

रंभाबाईंना बायकांचं दुःख होतं की नाही मला कळलं नाही, त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्या पावसाळ्याची वाट पाहत होत्या. मी सांगितलेल्या पावसाळ्याची. तो आला. अंगणात पाणी तीन-तीन दिवस उभं राहायला लागलं, जे पूर्वी तासाभरात मुरायचं. पालक पिवळा पडला. कढीपत्त्याचं झाड, ज्याची पानं सगळी आळी न्यायची, शेंड्याकडून वाळत आलं. पण त्यांना सर्वांत जास्त भीती कशाची वाटली, तर पानांची. मागच्या पानगळीत पसरलेली करंजाची पानं वर्षभर तशीच होती. रंग गेला होता, पण आकार शाबूत. एक पान हातात धरून त्या मला म्हणाल्या, "सडून नाई राहिलं, बाई. वर्ष झालं. खाले कोनीच नाई का?"

मी म्हटलं, येतील, थोडा धीर धरा. तेव्हाही मी तेच म्हटलं.

त्या माहेराहून पुन्हा पोतं घेऊन आल्या. एकदा, दोनदा, तीनदा. आता साठीची बाई, गुडघे गेलेले, मारोतराव दुसऱ्या बाजूने पोतं धरायचे. ती माती अंथरली, पानं घातली, धुवण ओतलं. दहा-पंधरा दिवस काहीतरी हालचाल दिसायची आणि मग शांत. खालचं औषध संपलेलं नव्हतं. सकाळी त्या उकिडव्या बसून बोटाने माती बाजूला करून बघायच्या, आजारी माणसाच्या नाकाशी हात धरावा तशा.

यंदाच्या मार्चमध्ये मारोतराव निवृत्त झाले. क्वार्टर सोडायचं होतं. शुभमने रायपूरला फ्लॅट घेतला आहे, चौथ्या मजल्यावर. त्याची बायको टीना भली मुलगी आहे, तिने बाल्कनीत चार कुंड्या ठेवल्याचा फोटो पाठवला होता. सामान बांधून झालं होतं. टेम्पो यायला तासभर होता, मारोतराव चाव्या द्यायला ऑफिसात गेले होते. रंभाबाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मी भिंत ओलांडून गेले, या वयात भिंत ओलांडून, कारण फाटकाने फिरून जायला लागलं असतं तर मी परत घरात शिरले असते हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "रंभाबाई, मी तुमच्याशी खोटं बोलले होते. एका पावसाळ्यात काही परत येत नाही. मला तेव्हाच माहीत होतं. सभेतही माहीत होतं."

त्यांनी मान हलवली. "मालूम व्हतं मले."

"काय माहीत होतं?"

"तुमी खोटं बोलून राहिल्या हे. तुमीच तं भिंगातून दाखवले मले ते. ज्या बाईनं दाखवले ते बाई औषध टाका म्हनते, तं काई तरी असन ना." त्या शांतपणे बोलत होत्या, रागावलेल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "त्या दिवशी तुमाले पुढं बसवलं होतं, बाई. तेरा वर्षानं. मी पाह्यलं ना, तुमच्या हातात कप होता आन् तुमचे डोळे भरले होते. मी उठून म्हनली असती का हे बाई चुकीचं सांगून राहिली, तं त्याइनं तुमाले पुन्हा मागं चहा गाळाले पाठवलं असतं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"म्हनून मी दुसऱ्या दिवशी पुसाले आली," त्या म्हणाल्या. "का परत येतीन का. तुमी येतीन म्हनल्या. मले वाटलं, माती परत येऊन राहिली तं एक साल तुमच्यासाठी जाऊ द्या. बाईले खुर्ची भेटली हाय तं राहू द्या." मग त्यांनी विचारलं, "आता तं खरं सांगा. किती वर्षं लागतीन?"

मी म्हटलं, "माहीत नाही. कोणी पानं घातली, पाणी घातलं, हात नाही लावला, तरी खूप. आपण नसू तेव्हा."

"हं," त्या म्हणाल्या. टेम्पो आला. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पदर झटकला. कुंड्यांसाठी तरी थोडी माती घ्या, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "मेलेली नेऊन काय करू?"

त्यांच्या जागी आता जे कुटुंब आलं आहे त्यांनी मागे फरशी टाकून घेतली आहे. स्कूटर ठेवायला चांगली जागा झाली असं ते म्हणतात. मी रंभाबाईंना फोन करते, महिन्यातून एकदा, त्या नेहमीसारख्या बोलतात, माझ्या गुडघ्यांचं विचारतात.

येत्या रविवारी मंडळाची सभा आहे. विजयाताईंची मुदत संपते आहे आणि अध्यक्षपदासाठी त्यांनी माझं नाव सुचवलं आहे. बिनविरोध आहे, म्हणाल्या, सगळ्यांना तुमच्याबद्दल आदर आहे. मी हो म्हटलं आहे.